घड्याळ लावून जेवताना : सातारा-सांगलीकडचे काही अनुभव

दिवसातले ठरावीक तासच खायचे आणि उरलेल्या वेळी पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही, या प्रकाराचे आपल्या भागात आता कोणाला नवल राहिलेले नाही. कोणी त्याला इंटरमिटंट फास्टिंग म्हणते, कोणी नुसते 'सोळा-आठ', म्हणजे सोळा तास उपवास आणि आठ तासांत खाणे. बरेच जण मात्र डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्यानांतून घरोघरी पोहोचवलेली दोन वेळा जेवण्याची पद्धतच पाळत असतात. खरे तर एकभुक्त (दिवसातून एकदाच जेवणे), नक्त (दिवसभर उपवास करून रात्री जेवणे) आणि चातुर्मासातले धारणे-पारणे हे शब्द आपल्याकडे फार आधीपासून आहेत. धारणे-पारणे म्हणजे एक दिवस उपवास आणि एक दिवस जेवण, आणि आज नेमके हेच इंग्रजी नावाने सांगितले जाते. मात्र ही व्रते पुण्यासाठी होती आणि आजचा उपवास वजनकाट्यासाठी आहे, त्यामुळे दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवलेले बरे.

ज्यांनी हा प्रयोग निदान तीन महिने केला आहे, त्यांनी आकड्यांसह लिहावे, आणि सोडून दिला असल्यास का सोडला तेही लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करते.

सातारा, प्राध्यापिका, वय ४९

दोन वर्षांपूर्वी माझे वजन ७६ किलो होते. उंची १६२ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २९. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पाश्चात्त्य तक्ता पाहून मी स्वतःला 'जराशी जाड' या सदरात बसवून घेतले होते.

दुपारी बारा ते रात्री आठ ही वेळ मी ठरवली. भूक ही अडचण असेल असे वाटले होते, परंतु पहिली अडचण निघाली ती चहाची. सकाळी सहाला चहा न घेता मी स्वयंपाकाला लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, घोटभर चहा म्हणजे काय खाणं झालं? उपाशी पोटी उंबरा ओलांडू नये." चहा म्हणजे खाणे नव्हे, या समजुतीवर आमच्या घराची निम्मी सकाळ उभी आहे. मी हिशेब करून पाहिला. दिवसाला चार कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, सुमारे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी, दूध वेगळेच. चहासोबतचे टोस्ट आणि खारी मी मोजलीच नव्हती, कारण तीही 'खाणे' या व्याख्येत बसत नव्हती. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा पहिले अकरा दिवस मी औषधासारखा प्यायले आणि बाराव्या दिवशी तो औषधासारखा लागेनासा झाला.

दुसरा बदल रात्रीचा. जेवण झाल्यावर उत्तरपत्रिका तपासताना हाताशी फरसाणाची वाटी असायची, आणि पाहुण्यांनी आणलेल्या कंदी पेढ्यांचा पुडा साताऱ्याच्या घरात कधी रिकामा नसतो. आठनंतर काही नाही, हा नियम लागला आणि ही दोन्ही खाती बंद झाली. सहा महिन्यांत वजन ६९.५ किलोवर आले. चौथ्या महिन्यापासून काटा हलेना, कारण दुपारी बाराला मी 'आता खिडकी उघडली', म्हणजे खाण्याची वेळ सुरू झाली, म्हणून तीन पोळ्यांच्या जागी पाच खाऊ लागले होते. ते लक्षात यायला मला सहा आठवडे लागले, आणि मी संख्याशास्त्र शिकवते.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की सोळा तासांत जादू नाही. त्या तासांमुळे नकळत तोंडात जाणारे जे थांबते, त्यातच सगळे आले. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११६ जणांपैकी काहींना बारा आठवडे दुपारी बारा ते रात्री आठ या वेळेतच जेवायला सांगितले होते, आणि दिवसाकाठी तीन वेळा जेवणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या वजनात म्हणावा असा फरक आढळला नाही. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या; तिथेही वेळेचे बंधन पाळणारा गट आणि न पाळणारा गट यांच्यातला फरक लक्षणीय ठरला नाही. माझा अनुभव या निष्कर्षांच्या विरोधात जात नाही. मला कॅलरी मोजणे कधीच जमले नसते. घड्याळ पाहणे जमले, एवढेच.

सांगली, मार्केट यार्डात दिवाणजी, वय ५६

माझा अनुभव इशारा म्हणून वाचावा. हळदीच्या आडत दुकानात मी दिवाणजी आहे. मधुमेहाला नऊ वर्षे झाली असून ग्लिमेपिराइडची गोळी रोज सकाळी चालू होती. मित्राने सांगितले म्हणून डॉक्टरांना न विचारता मी सकाळची न्याहारी बंद केली. गोळी मात्र नेमाने घेत राहिलो. पाचव्या दिवशी, सौदे ऐन रंगात असताना, अकराच्या सुमारास मला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि समोरच्या पोत्यावरचा आकडा दोनदा वाचूनही कळेना. आमच्या एका हमालाच्या वडिलांना साखरेचा आजार होता, म्हणून त्याने ओळखले. "दिवाणजी, बसा खाली, बोलू नका," असे म्हणून त्याने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पलीकडच्या औषधाच्या दुकानातून यंत्र आणून मोजले तेव्हाही रक्तातील साखर ५८ भरली. सत्तरच्या खाली गेली की ते धोक्याचे असते.

नंतर डॉक्टरांनी समजावले ते असे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती विचारत नाही. नुसत्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीवर असणाऱ्यांना हा धोका बराच कमी असतो, इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र अधिक. त्यांनी माझी गोळी बदलली, पहिले पंधरा दिवस रोज चार वेळा साखर मोजायला लावली आणि मगच दोन जेवणांची परवानगी दिली. जेवण आता सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी सातला. आठ महिन्यांत एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.४ वरून ७.१ वर आले आणि वजन पाच किलोने उतरले. पद्धत तीच होती; पहिल्या वेळी तिने मला यार्डात आडवे केले असते.

*(यात माझी, सुरुवातीच्या प्राध्यापिकेची, एकच भर. औषधे चालू असणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि वाढत्या वयाची मुले यांनी दुसऱ्याचा अनुभव वाचून काहीही सुरू करू नये.)*

सांगलीजवळचे गाव, द्राक्षबागायतदार, वय ३८

आम्ही जैन. माझ्या आजेसासूबाई सूर्यास्तानंतर पाण्यालाही शिवत नसत. वजन हा शब्द त्यांच्या बोलण्यात फक्त द्राक्षांच्या पेट्यांबाबत यायचा. लग्नानंतर काही वर्षे आम्ही नवरा-बायकोने हा नियम सोडला होता, कारण बागेतून परतायलाच आठ वाजायचे आणि जेवण नऊला व्हायचे. गेल्या वर्षी यांचा कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर भरला, आणि पुरुषांसाठी मर्यादा ९० ची आहे असे तपासणी शिबिरात सांगितले, तेव्हा मी म्हणाले, "आपल्याच घरातलं परत सुरू करू या, त्याला शिबिर कशाला पाहिजे?"

आता आम्ही सकाळी साडेसातला भाकरी, भाजी आणि दही, दुपारी जेवण, आणि सूर्य मावळायच्या आत हलके जेवण असे तीन वेळा खातो. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारते, जूनमध्ये सातच्या पुढेही उजेड असतो, त्यामुळे आमची वेळ ऋतूप्रमाणे थोडी सरकते. प्राध्यापिका मॅडमनी सकाळचे खाणे सोडले. शेतात राबणाऱ्याला ते परवडत नाही, रात्रीचे सोडता येते. चार महिन्यांत यांचा घेर ९३ वर आला. माझे वजन तीनच किलो कमी झाले, पण रात्रीची आंबट ढेकर आणि उशाशी ठेवलेली गोळी दोन्ही गेल्या. सगळ्यात अवघड असतात ती लग्नसराईतली रात्रीची जेवणे. तिथे "एवढं तरी घ्याच" म्हणणाऱ्यांना धर्माचे कारण सांगितले की ते लगेच थांबतात, तब्येतीचे सांगितले तर आणखी एक जिलेबी वाढतात.

सातारा एमआयडीसी, कामगार, वय ३३

आमच्याकडे तीन पाळ्या दर आठवड्याला फिरतात. रात्रपाळीत पहाटे तीनला कँटीनमध्ये जेवण असते, त्यामुळे सोळा-आठ दोन आठवडेसुद्धा टिकले नाही. शेवटी पाळी कोणतीही असो, सलग बारा तास काही खायचे नाही आणि कँटीनचा वडा घ्यायचा नाही, एवढेच ठेवले. सात महिन्यांत चार किलो कमी झाले. याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सातारा, पोलीस भरतीची तयारी, वय २२

माझे वजन मुळात जास्त नव्हते. ८०० मीटर धावण्याची वेळ कमी व्हावी म्हणून मला ते आणखी उतरवायचे होते. मोबाइलवर पाहून मी वीस तास उपवास आणि चार तास खाणे असे सुरू केले. पहाटे उपाशी पोटी अजिंक्यताऱ्याचा चढ धावायचे आणि पहिले जेवण दुपारी तीनला करायचे. पहिल्या महिन्यात साडेतीन किलो उतरले तेव्हा मैत्रिणींनी कौतुक केले. दुसऱ्या महिन्यात पाळी चुकली, तिसऱ्या महिन्यातही आली नाही, आणि विंचरताना केसांचे पुंजके हातात येऊ लागले. गंमत म्हणजे धावण्याची वेळ सुधारण्याऐवजी नऊ सेकंदांनी वाढली. आईला मी हे सांगितले नव्हते. चढावरच्या एका वळणावर चक्कर येऊन बसले तेव्हा सांगावे लागले.

डॉक्टरांनी सांगितले की खाणे कमी आणि कष्ट जास्त झाले की शरीर आधी पाळी थांबवते. आता मी धावण्याआधी केळे, आल्यावर दोन अंडी आणि मोडाची मटकी, आणि दिवसाला तीन जेवणे घेते. पाळी पूर्ववत व्हायला पाच महिने गेले. माझ्यासारख्या मुलींनी यात पडू नये, असे मला स्पष्ट लिहावेसे वाटते.

मिरज, गृहिणी, वय ६१

मी आयुष्यभर एकादशी, चतुर्थी आणि श्रावणी सोमवार केले आणि वजन ८१ किलोपर्यंत नेले. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण कोणी उगाच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नावालाही नसतात. वर शेंगदाण्याचे कूट आणि तूप. शिवाय बटाट्याचा कीस, रताळे आणि संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू. सून आहारशास्त्र शिकलेली आहे. तिने एकदा माझ्या एकादशीचे ताट कागदावर मांडले आणि ते रोजच्या जेवणापेक्षा सहाशे कॅलरींनी जास्त निघाले. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

नंतर आमच्यात तह झाला. उपवास तेवढेच, परंतु त्या दिवशी एकदाच जेवायचे, आणि तेही वरीचा भात, दाण्याची पातळ आमटी आणि ताक. इतर दिवशी दोन जेवणे. तिचा आग्रह प्रथिनांचा असतो: किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. शाकाहारी माणसाला वाटीभर वरणातून सहा-सात ग्रॅमच मिळतात, त्यामुळे जेवणांची संख्या घटवली की प्रत्येक जेवणात डाळ, उसळ आणि दही वाढवावेच लागते, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. हे व्याख्यानांत ऐकू येते, पण स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. वर्षभरात सात किलो कमी झाले. गुडघे अजून दुखतात. जिना मात्र न थांबता चढते.

सांगली, दुकानदार, वय ४४

माझे दुकान नदीपासून फार लांब नाही. जानेवारी २०१९ मध्ये मी सोळा-आठ सुरू केले तेव्हा वजन ९३ होते. रोज पहाटे आमराईत फेऱ्या, दुपारी एकला पहिले जेवण, आणि दुकानासमोर भडंगाची गाडी लागत असूनही तिकडे पाहायचे नाही. जुलैअखेर ८२ किलो झाले. जुन्या पँटी मी शिंप्याकडे न देता वाटून टाकल्या, तेवढा आत्मविश्वास आला होता.

ऑगस्टमध्ये महापूर आला. तेरा दिवस आम्ही एका शाळेत राहिलो. खिचडी, बिस्किटे, गावोगावाहून आलेल्या भाकऱ्या, जे येईल ते आणि येईल तेव्हा खाल्ले. तिथे 'माझी वेळ झाली नाही' असे म्हणणे शोभले नसते, आणि पुढच्या वेळी मिळेल याची खात्रीही नव्हती. पाणी ओसरल्यावर दुकानातला गाळ काढायला महिना गेला, नंतर कर्ज, आणि त्या काळात मी रात्री अकरालाही फ्रीज उघडून उभा राहायचो. पुढच्या मार्चपर्यंत ९१ झालो. अकरा किलो घालवायला सात महिने लागले होते, नऊ परत यायलाही साधारण तेवढेच लागले.

पुन्हा सुरू करायचे धैर्य दोन वर्षांनी आले. या खेपेस सोळा तासांचा हट्ट धरला नाही. रात्री आठला जेवण आणि सकाळी नऊला न्याहारी, म्हणजे तेरा तास. मध्ये दुकानात चहा, पण बिनसाखरेचा. पाहुणे, सण किंवा आजारपण आले की नियम त्या दिवसापुरता सोडतो आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून जास्त उपाशी राहत नाही, कारण पूर्वी तसे केले की तिसऱ्या दिवशी हमखास दोन प्लेट मिसळ व्हायची. सध्या ८५ वर आहे आणि सव्वा वर्ष तिथेच आहे. पँटी या वेळी कोणाला दिलेल्या नाहीत.