जुनी टाटा इस्टेट गाडी घरीच दुरुस्त करून उभी करायची आहे: आधी पत्रा की इंजिन?

रामबागवाला: काकांची १९९४ ची टाटा इस्टेट आमच्या इंदूरच्या वाड्यात ताडपत्रीखाली पडून आहे. मागच्या दाराची खालची कड बोटाने दाबली की भुगा पडतो. काचेच्या रबराआड पाणी मुरलं असणार. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन हाताने फिरतंय. आईच्या मते ही अंगण अडवून बसलेली म्हैस आहे. सुरुवात कुठून करू?

डिझेलभाऊ: जाम नाही ना? मग अर्धं काम झालं. जुनं डिझेल काढ, टाकी धू, फिल्टर बदल, लाइनमधली हवा काढ, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आत तापणारी कांडी) तपास. तोवर सेल्फ मारायचा नाही! टाटाच्याच जुन्या सिएरा गाडीलाही हेच इंजिन होतं, सुटे भाग त्या नावाने विचार.

पत्राताई: पुट्टी थापून गंज झाकू नका हो. कुजका पत्रा कापून नवा वेल्ड करा, आतूनही प्रायमर मारा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायची. काचेचं रबर जपून काढा, फाटलं तर शोधत फिराल.

रामबागवाला: आणि कागदपत्रं?

डिझेलभाऊ: १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पुढे दर ५ वर्षांनी. खर्चात पडण्याआधी चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) वाचता येतोय का बघ. त्यावर गंज असला तरी ग्राइंडर लावू नकोस.