मार्थाज व्हिनयार्ड बेटावर अख्खं गाव खुणांनी बोलायचं, खरंय का?

प्रश्न: माझ्या भाचीला जन्मापासून ऐकू येत नाही, घरात फक्त तिची आई खुणा शिकलीय, बाकी आम्ही सगळे नुसते बघत बसतो. परवा कुणीतरी सांगितलं की अमेरिकेत एका बेटावर ऐकू येणारे लोकसुद्धा खुणांनी बोलायचे. नक्की काय होतं तिथे?

उत्तर १: हो ताई, खरंय. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळचं बेट. 1694 च्या सुमारास जोनाथन लॅम्बर्ट नावाचा कर्णबधिर सुतार तिथे राहायला आला, शिवाय तिथल्या बऱ्याच घराण्यांचं मूळ इंग्लंडच्या केंट भागातलं, तिथूनच हे आनुवंशिक बहिरेपण आलं असं मानतात, आणि लग्नं आपापसातच व्हायची, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेलं. त्यामुळे 19व्या शतकात चिल्मार्क गावात साधारण दर 25 माणसांत एक बहिरा, बाकी अमेरिकेत तेव्हा साडेपाच हजारांहून जास्त माणसांत एक! मग शेजारी, दुकानदार, सगळ्यांनाच खुणा यायच्या, पोरं लहानपणीच बोलण्याबरोबर शिकायची.

उत्तर २: आणि समोर बहिरं माणूस नसलं तरी वापरायचे हो! होडीवरून दुसऱ्या होडीला सांगायचं तर ओरडण्यापेक्षा हात बरे, शाळेत मास्तरांच्या पाठीमागे पोरं खुणा करायची, चर्चमध्ये प्रवचन चालू असताना मोठी माणसंसुद्धा. नोरा ग्रोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या म्हाताऱ्या लोकांशी बोलून हे सगळं नोंदवलं. दोन मच्छीमारांबद्दल एका बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, फार चांगले मच्छीमार होते. ते दोघं बहिरे होते ना, असं विचारल्यावर म्हणाल्या, हो की, ते मी विसरलेच होते. हे वाचून मला खरंच भरून आलं.

प्रश्नकर्ती: मग ती भाषा गेली कुठे?

उत्तर १: अमेरिकेतल्याच हार्टफर्ड शहरात 1817 मध्ये बहिऱ्यांची शाळा निघाली, बेटावरची मुलं तिथे शिकायला जायला लागली, तिथेच इतरांशी ओळखी, लग्नं, मग बेटावर बहिरी मुलं जन्मणं कमी होत गेलं, त्यात बाहेरची वस्ती वाढली. त्या परंपरेतली शेवटची कर्णबधिर व्यक्ती 1952 मध्ये वारली. पण मुलांनी नेलेल्या खुणा शाळेत मिसळल्या आणि आजच्या अमेरिकन साइन लँग्वेजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेच्या, घडणीत त्यांचाही वाटा मानतात.

प्रश्नकर्ती: आईला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणतेय, नातीला जेवायला बोलवायची खूण मला आधी शिकवा.