सिव्हिलच्या मुलांना शिकवायला सिम्युलेशन गेम कोणते घ्यावेत? सल्ला हवा आहे (कोल्हापूर)

भोगावतीकाठ
नमस्कार. कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सेकंड इयरला स्ट्रक्चर शिकवते. मुलं कागदावर ट्रस, म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या दांड्यांचा सांगाडा, बरोबर सोडवतात. पण गेल्या महिन्यात त्यांना साखर कारखान्याच्या गोदामात शेडखाली उभं करून विचारलं, "यातले दांडे दाबात कुठले, ताणात कुठले?" सगळे गप्प. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. गेममधून हे शिकवता येईल असं वाटतं. लॅबमधली मशीन जुनी आहेत, पैसे जवळपास नाहीत, प्रॅक्टिकल दोन तासांचं. कुणी वापरून बघितलंय का?

वेल्डिंगवाला
मॅडम, वेस्ट पॉइंट ब्रिज डिझायनरपासून सुरुवात करा. अमेरिकेच्या लष्करी अकादमीत तयार झालेला, फुकट, जुन्या मशीनवरही चालतो. पुलावरून ट्रक जाताना दाबातले मेंबर (दांडे) लाल होतात, ताणातले निळे. तुमच्या गोदामातल्या प्रश्नाचं उत्तर तिथं डोळ्यांसमोर हलताना दिसतं.

पण मला त्यातला खर्चाचा हिशेब जास्त मोलाचा वाटतो. पोलादाच्या वजनाचे पैसे लागतात, प्रत्येक जॉइंटचे लागतात, आणि वेगवेगळ्या मापाचे सेक्शन वाढवत गेलं की त्याचे वेगळे. मुलं आधी प्रत्येक मेंबर अगदी नेमक्या मापाचा करतात. वजन उतरतं, तरी एकूण खर्च वाढतो. मी उद्यमनगरात फॅब्रिकेशन करतो. एका शेडसाठी चौदा मापांचे सेक्शन असलेलं ड्रॉइंग हातात आलं की कटिंगलाच किती दिवस जातात, हे नव्या इंजिनिअरला सांगून पटत नाही. इथं पटतं.

आणखी एक. दाबातल्या लांब मेंबरला भरीव बार आणि पोकळ नळी दोन्ही लावून बघायला सांगा. लांबी दुप्पट झाली की बकलिंगचा, म्हणजे दाबाखाली मेंबर बाजूला वाकण्याचा, भार चौथ्या हिश्श्यावर येतो, हे ऑयलरचं सूत्र फळ्यावर लिहायच्या आधी त्यांनी अनुभवलेलं असेल.

थर्ड_इयर_सिव्हिल
आमच्या बॅचला पॉली ब्रिज हा पूल बांधायचा गेम लई आवडला. २०१६ चा आहे, विकत घ्यावा लागतो. पण मॅडम, त्यात गाडी पलीकडं पोचली की लेव्हल पास, मग पुलातला मेंबर क्षमतेच्या ९९ टक्के भारावर का असेना. सेफ्टी फॅक्टर, म्हणजे सुरक्षेसाठी राखलेली जादा ताकद, डोक्यातनं पार निघून जातो. आमच्या सरांनी अट घातली होती, कुठलाही मेंबर ६० टक्क्यांच्या वर गेला तर पूल नापास. त्यानंतर खरा अभ्यास झाला.

नळपाणी
सिटीज स्कायलाइन्स हा शहर उभारायचा गेम कुणीतरी सुचवेलच. छान आहे, पण जुन्या मशीनवर रडतो आणि दोन तासांत काही हाती लागत नाही. पाण्याचा विषय असेल तेव्हा एपानेट घ्या. गेम नाही, पाण्याच्या पाइपलाइनच्या जाळ्याचं सॉफ्टवेअर आहे, पण फुकट आहे. उंचावरच्या नोडला (पाइपांच्या जोडाला) सकाळी दाब का मिळत नाही, हे आपल्या पोरांना घरच्या नळावरनं लगेच कळतं.

बर्गे
मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. ताई, एक खेळ बिनकॉम्प्युटरचा सुचवतो. पंचगंगेच्या पुराचा.

वर्गाचे गट करा: राधानगरी, तुळशी, कुंभी, कासारी ही चार धरणं, कोल्हापूर शहर आणि नदीच्या खालच्या अंगाला शिरोळ. एक फेरी म्हणजे सहा तास. दर फेरीला पावसाची चिठ्ठी काढायची. धरणवाल्यांनी विसर्ग लिहायचा, पण ते पाणी कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर त्याच फेरीत पोचवायचं नाही, पुढच्या फेऱ्यांत पोचवायचं. बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. शहराच्या गटानं कुठली वस्ती कधी हलवायची ते ठरवायचं. शिरोळचा गट नुसता बघत बसतो, आणि तेच त्यांनी वर्गाला सांगायचं असतं.

खरी गोम राधानगरीच्या गटाला कळते. तिथले सातही दरवाजे स्वयंचलित. तलाव भरला की आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक. ऐन पुरात त्यांच्या हाती काही नसतं. त्यांचा निर्णय आधीचा असतो: वीजगृहातून पाणी सोडून जागा ठेवायची, की पाऊस ओढ देईल म्हणून साठवायचं? जागा ठेवली आणि पाऊस गेला तर उन्हाळ्यात ऊस वाळतो. २०१९ चा पूर या मुलांनी शाळेत असताना पाहिलाय. एकदा त्या खुर्चीत बसू द्या.

भोगावतीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. या सत्रात दोन प्रॅक्टिकल ब्रिज डिझायनरची घेते. प्रत्येकानं आपल्या पुलातले तीन मेंबर हातानं सोडवून आकडे जुळवायचे, आणि नंतर पुन्हा त्याच गोदामात जायचं. ६० टक्क्यांची अटही ठेवते. काका, पुराच्या खेळात मार्क कशावर द्यायचे? ज्याच्या फेरीत पूर आला तो गट हरला, असं नको वाटतं.

बर्गे
नकोच. प्रत्येक फेरीला गटानं विसर्गाचं कारण दोन ओळीत लिहून द्यायचं. पुढच्या पावसाची चिठ्ठी त्यानंतरच उघडायची. मार्क त्या दोन ओळींना.