खारपाणपट्ट्यात घरच्या बागेत गाजर-बीट येतं का?

वऱ्हाडी_लेक
नमस्कार मंडळी, आम्ही दर्यापूरकडचे, घरामागे थोडी जागा आहे, माती काळी भारी अन् बोअरचं पाणी खारट. वांगी, पालक बरे येतात पण गाजर काही केल्या जमत नाही, निम्मं तर उगवतच नाही आणि जे उगवलं ते उपटलं तर बोटाएवढं, खाली तीन फाटे अन् अंगभर केसासारखी बारीक मुळं. पेरायच्या आधी शेणखत भरपूर टाकलं होतं. आपल्या भागात कोणी घेतं का घरी?

पूर्णाकाठ
ताई, आधी पाण्याचं बघा. गाजर-मुळ्याला खारं पाणी सोसतच नाही, मातीची क्षारता (ईसी, म्हणजे मातीतल्या मिठाचं माप, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) १ च्या वर गेली की गाजर घटायला लागतं, मुळा १.२ ला, बीट मात्र ४ पर्यंत दम धरतं. म्हणून सुरुवात बीटापासून करा. पण उगवताना बीटही नाजूकच असतं, तेव्हा चार पानं येईस्तोवर साठवलेलं पावसाचं नाहीतर नळाचं गोडं पाणी झारीनं द्या, बोअरचं नको. आणि पेरणी पावसाळा संपल्या संपल्या करा, पावसानं वरच्या थरातलं मीठ खाली गेलेलं असतं, उन्हाळा जवळ आला की ते परत वर येतं.

मातीवाली_मावशी
फाटे फुटले ते ढेकळांमुळे आणि ताज्या शेणखतामुळे, केसाळ मुळंही त्यातलीच. खत चांगलं कुजलेलं, भुरभुरीत पाहिजे आणि तेही आधीच्या पिकाला दिलेलं असलं तर उत्तम. सपाट जमिनीत लावूच नका, दीड वीत उंच गादीवाफा करा, माती-कंपोस्ट निम्मं-निम्मं. थोडीशी वाळू मिसळा असं बरेच जण सांगतात, काळ्या मातीत त्यानं काही होत नाही उलट घट्ट बसते. बी पेरल्यावर वर माती ओढू नका, तिची पापडी धरते आणि गाजराचा कोवळा कोंब ती फोडू शकत नाही, गांडूळखताचा पातळ थर द्या अन् ओलं गोणपाट अंथरा, कोंब दिसले की लगेच काढा. गाजराला उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, तोवर वाफा वाळू द्यायचा नाही.

अकोला_गच्ची
खारवट माती सुधारायला जिप्सम टाका म्हणून कोणी सांगेल पण माती-पाणी तपासल्याशिवाय टाकू नका हो, कृषी विज्ञान केंद्रात तपासून मिळतं. मुळा पाहिजेच असेल तर पुसा चेतकी ही जात घ्या, ४०-४५ दिवसांत निघतो, कुंडीत किंवा पोत्यात गोड्या पाण्यावर लावा. कुंडीच्या काठाला पांढरं साचलं की समजा मीठ वाढलं, मग गोडं पाणी भरपूर ओतून खालून निघू द्या.

वऱ्हाडी_लेक
खूप आभार सगळ्यांचे! मावशी, बीटाचं एकच बी लावलं तरी दोन-तीन रोपं येतात ती सगळी ठेवायची का?

मातीवाली_मावशी
नाही गं, ते बी म्हणजे बियांचा झुबकाच असतो. जोमदार एक ठेव, बाकीची उपटू नकोस, शेजारच्याचं मूळ हलतं, कात्रीनं काप अन् पानं भाजीत घाल.