ए. ललिता: श्रेय कुणाचं?

रोहित्र: भारतातल्या पहिल्या स्त्री-इंजिनीयरांपैकी एक, ए. ललिता. त्यांच्यावर काहीही वाचायला घ्या, गोष्ट तीच. पंधराव्या वर्षी लग्न, १९३७ मध्ये मुलगी, ती चार महिन्यांची असताना नवरा गेला. मग मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकलची पदवी. छापील प्रमाणपत्रावरचं पुल्लिंगी सर्वनाम खोडून स्त्रीलिंगी करावं लागलं. बस, संपली गोष्ट! पुढची तीसेक वर्षं जणू नव्हतीच. मला हे फार लागतं.

माळरान: पण प्रवेश मिळाला कसा? वडील पप्पू सुब्बाराव त्याच कॉलेजात प्राध्यापक. प्राचार्य चाको यांना त्यांनीच राजी केलं. लेक वसतिगृहात एकटी पडली, तर आणखी मुलींसाठी जाहिरात द्या, हेही त्यांनीच सुचवलं. माझी आजेआत्या त्याच वयात विधवा झाली. हिशेबात भावांपेक्षा तरबेज, पण जन्म गेला लाल आलवणात, चुलीपुढे. तिचे वडील प्राध्यापक नव्हते. ललितांची गोष्ट निव्वळ जिद्दीची म्हणून सांगू नका.

रोहित्र: आजेआत्यांचं वाचून गलबललं. वडिलांचं ऋण मान्यच. पण मी सबस्टेशनवर, म्हणजे विजेच्या उपकेंद्रावर, बारा वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते. ललिता १९४८ पासून कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये ट्रान्समिशन लाइन आणि सबस्टेशनचे आराखडे करत होत्या. भाक्रा-नांगलच्या विजेच्या कामातही त्यांचा हात होता. बिघाड होताच वीज तोडणारा ब्रेकर कुठे, दुरुस्तीसाठी भाग वेगळा करणारा आयसोलेटर कुठे, दोन फेजच्या तारांमध्ये अंतर किती, दुरुस्तीला माणूस आत गेला तर कोणता भाग बंद ठेवायचा, हे सगळं कागदावर आधी ठरतं. तिथे चूक झाली तर माणूस जातो. ही जबाबदारी त्यांनी १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत सांभाळली. त्यात वडिलांची ओळख काय कामाची?

शेवंती: डॉक्टरकीचा विचार ललितांनी सोडला, कारण रात्री-अपरात्री तान्ह्या मुलीला सोडून जावं लागलं असतं. ठरावीक वेळेची नोकरी हवी, म्हणून इंजिनीयरिंग! यावर कुणी का बोलत नाही?

माळरान: रोहित्र, कामाबद्दल वाद नाही. पण मुलींना दार उघडल्यावर पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज सिव्हिलला आल्याच ना? थ्रेसिया तर १९७१ मध्ये केरळच्या बांधकाम खात्यात मुख्य अभियंता झाल्या. म्हणजे शिकू शकणाऱ्या अशा मुली होत्याच. एका बापाने लेकीसाठी धडपड केली, तेव्हा कुठे त्या दिसल्या. माझ्या आजेआत्यासाठी तसं कुणी केलं नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो.