मावसभाऊ अमेरिकेत फेडरल जेलमधे, वकील नाही, स्वतःच २२५५ मोशन (शिक्षा रद्द करा असा, शिक्षा दिलेल्या कोर्टाकडेच करायचा अर्ज) करतोय. कोर्टाच्या नोटिशीला उत्तर काय द्यायचं?

सावली
नमस्कार मंडळी, घरचा विषय आहे म्हणून नाव गाव देत नाही. माझा मावसभाऊ ग्रीनकार्डवर अमेरिकेत होता, फेडरल कोर्टात वायर फ्रॉडची केस झाली आणि ट्रायल न करता त्याने प्ली डील घेतली, म्हणजे सरकारशी तडजोड करून गुन्हा कबूल केला, कारण त्याचा वकील म्हणाला की इतकी वर्षं इथे आहेस, बायको मुलं इथलीच आहेत, इमिग्रेशनचं टेन्शन घेऊ नकोस. अपील केलं नाही, डीलमधेच तो हक्क सोडला होता. आता जेलमधे असताना इमिग्रेशनचा डिटेनर (सुटला की आमच्या ताब्यात द्या अशी जेलला सूचना) लागलाय, म्हणजे शिक्षा संपली की घरी नाही तर सरळ डिपोर्टेशनच्या रांगेत. खाजगी वकील जे आकडे सांगतात ते मावशीला झेपणारे नाहीत आणि या टप्प्यावर कोर्टाकडून फुकट वकील मिळायचा हक्क नाही म्हणे.
मग त्याने स्वतःच जजला हाताने पत्र लिहिलं की माझ्या वकिलाने माझी दिशाभूल केली. त्यावर कोर्टाची ऑर्डर आली की हे पत्र आम्ही २२५५ मोशन म्हणून धरणार आहोत, मान्य आहे का, मागे घ्यायचंय का सुधारून द्यायचंय ते अमुक तारखेच्या आत कळवा. तो खूष झाला की कोर्टाने दखल घेतली, पण मला वाचून धडकीच भरली. त्यात मधेच त्याची दुसऱ्या स्टेटमधल्या जेलमधे बदली झाली, कागदांचा खोका मागेच राहिला, तिथे लॉकडाऊन, लॉ लायब्ररी बंद. हो म्हणून सही करून पाठवू का असं विचारतोय. त्याच्या वतीने मी अर्ज करू शकते का? आणि २२५५ ची एक वर्षाची मुदत नक्की कधीपासून मोजायची? प्लीज कोणाला माहिती असेल तर सांगा, मावशी रोज फोन करून विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

मी_पॅरालीगल
सावली, नुसतं "हो" लिहून सही करून अजिबात पाठवू देऊ नका त्याला. ही नोटीस त्याच्याच संरक्षणासाठी आहे. २००३ मधे कॅस्ट्रो केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकील नसलेल्या माणसाचा साधा अर्ज कोर्ट स्वतःहून पहिलं २२५५ मोशन म्हणून धरणार असेल तर आधी त्याला बजावायचं, आणि मागे घ्यायची किंवा त्याचे सगळे मुद्दे घालून सुधारायची संधी द्यायची. का, तर २२५५ ची संधी खऱ्या अर्थाने एकदाच असते. दुसऱ्यांदा करायचं तर आधी सर्किट कोर्टाची (वरच्या अपील कोर्टाची) परवानगी, आणि ती मिळायला एकतर निर्दोष असल्याचा अगदी भक्कम नवा पुरावा लागतो नाहीतर सुप्रीम कोर्टाने जुन्या केसेसनाही लागू केलेला घटनेचा नवा नियम लागतो. माझा एक मुद्दा लिहायचा राहिला होता, एवढ्यावर ती मिळत नाही. रागाच्या भरात लिहिलेलं पत्रच त्याची एकमेव मोशन ठरली तर पुढे काही बोलायला जागाच उरणार नाही.
माझ्या मते मागे घेण्यापेक्षा सुधारून द्या. मागे घेतलं तर पत्राची तारीख हातातून जाते, आणि वर्ष संपत आलं असेल तर ते महागात पडेल.
मुदत: अपील केलं नसेल तर जजमेंट डॉकेटवर (कोर्टाच्या केस-नोंदवहीत) नोंदलं त्या दिवसापासून अपीलचे १४ दिवस धरायचे, ते संपले की केस फायनल, तिथून एक वर्ष. (अपील हरलेल्यांसाठी वेगळं आहे, तिथे सुप्रीम कोर्टात जायचे ९० दिवस धरतात आणि ते सर्किट कोर्टाच्या निकालापासून, नंतर निघणाऱ्या मँडेट नावाच्या आदेशापासून नाही. बरेच जण इथेच चुकतात.) शिक्षा सुनावली त्या दिवसाच्या आठवणीवर जाऊ नका, पेसरवर (फेडरल कोर्टांच्या कागदपत्रांची वेबसाईट) डॉकेट काढा, दर पानाला १० सेंट पडतात आणि तीन महिन्यांत ३० डॉलरपेक्षा कमी झाले तर तेही माफ.
कोर्ट: ज्या कोर्टाने शिक्षा दिली तेच, बहुतेक जजही तोच. आता तो कुठल्या स्टेटच्या जेलमधे आहे त्याचा इथे काही संबंध नाही. फॉर्म एओ २४३, क्लार्क ऑफिस फुकट देतं, २२५५ ला फी पण नाही.
तुम्ही वकील नसाल तर त्याच्या वतीने उभं राहता येणार नाही, सही त्यानेच करायची आणि तीही शपथेवर, म्हणजे खोटं निघालं तर पर्जरी, खोट्या शपथेचा गुन्हा. पण टाईप करणं, झेरॉक्स, कागद गोळा करणं, डॉकेट काढून पोस्टाने पाठवणं हे सगळं तुम्ही करू शकता, आणि त्याच्यासारख्याला खरी मदत तीच असते.

रानवारा
माझं मत जरा वेगळं आहे. आधी तारीख वाचवा. एक पानभर का होईना पण फॉर्म भरून पाठवून द्या, बाकी मुद्दे नंतर जोडता येतात. माझ्या ओळखीचा एक जण आत होता, तो सगळं परफेक्ट करायच्या नादात राहिला आणि वर्ष निघून गेलं, मग आत काय लिहिलंय ते कोणी वाचलं पण नाही.
आणि पाठवायचं कसं ते नीट ऐका. १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक केसमधे त्या कैद्याने अपीलची नोटीस मुदतीच्या तीन दिवस आधी जेलच्या माणसांकडे दिली होती, कोर्टाचा शिक्का पडला तो मात्र एक दिवस उशिरा. सुप्रीम कोर्ट म्हणालं, वकिलाशिवाय लढणाऱ्या कैद्याने पाकीट जेलच्या हातात दिलं तीच तारीख धरायची, कारण त्यानंतर त्या पाकिटावर त्याचा काही ताबा नसतो. पण हे सिद्ध करायची तयारी त्याची हवी. जेलमधे लीगल मेलची वेगळी सोय असेल तर तीच वापरायची, साध्या पेटीत टाकायचं नाही. मोशनच्या शेवटी चार ओळी लिहायच्या की अमुक तारखेला हे मी जेलच्या लीगल मेलमधे दिलं, पोस्टेज भरलेलं आहे, हे खोटं असल्यास पर्जरीच्या शिक्षेला पात्र असेन, आणि खाली सही तारीख. लीगल मेलच्या रजिस्टरमधे नोंद होत असेल तर ती झाल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.

मी_पॅरालीगल
रानवारा, पोस्टाचं शंभर टक्के बरोबर, पण "नंतर जोडता येतं" हे धोक्याचं आहे. २००५ च्या मेल विरुद्ध फेलिक्सनंतर मुदत संपल्यावर जोडलेला मुद्दा जुन्या तारखेला तेव्हाच चिकटतो जेव्हा तो आधीच लिहिलेल्याच घटनेतून येतो, खटला एकच आहे एवढं कारण पुरत नाही. पहिल्यांदा फक्त "वकील वाईट होता" लिहिलं आणि मग नंतर इमिग्रेशनचा सल्ला आणला तर सरकारी वकील लगेच म्हणणार की हा नवीन मुद्दा, मुदतीबाहेर. त्यामुळे छोटं लिहा हवं तर, पण प्रत्येक मुद्द्याखाली घटना पाहिजे: कधी, कुठे, कोण काय बोललं. भाषा मोडकी चालते, १९७२ च्या हेन्स केसपासून वकील नसलेल्यांचं लिखाण कोर्ट सैल हाताने वाचतं. तारखांच्या बाबतीत मात्र तशी माया नाही.
लॉकडाऊन आणि मागे राहिलेला खोका यावर विसंबू नका. मुदत ताणता येते हे २०१० च्या हॉलंड केसने मान्य केलं, पण तो माणूस आतून सतत वकिलाला पत्रं लिहीत होता, कोर्टाला कळवत होता आणि मुदत गेल्याचं कळताच त्याने लगेच स्वतः पिटिशन लिहून पाठवलं. नुसती लायब्ररी बंद होती हे कारण सहसा टिकत नाही. तरी बदली कधी झाली, कागद कधी मागितले, विनंतीचे फॉर्म, सगळ्याच्या कॉप्या ठेवायला सांगा.

अभय_जो
मूळ मुद्द्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तुमच्या भावाची केस वाचताक्षणी २०१० ची पडिला विरुद्ध केंटकी आठवली. तो पण ग्रीनकार्डवाला, चाळीसहून जास्त वर्षं अमेरिकेत, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला, आणि त्याच्याही वकिलाने हेच सांगितलं होतं की इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस. सुप्रीम कोर्टाने ठरवलं की डिपोर्टेशन स्पष्ट दिसत असताना वकिलाने चुकीचा सल्ला देणं म्हणजे त्याचं काम निकृष्ट. फ्रॉडमधे नुकसान १०,००० डॉलरच्या वर असेल तर इमिग्रेशन कायद्यात तो ॲग्रव्हेटेड फेलनी (डिपोर्टेशन ओढवणारा गंभीर गुन्हा) होतो, म्हणजे वकिलाला कळायला हवंच होतं. प्ली ॲग्रीमेंटमधे लॉसचा आकडा काय आहे तो आधी बघा.
पण तेवढ्याने काम होत नाही. खरा सल्ला मिळाला असता तर मी डील न घेता ट्रायलला गेलो असतो हे दाखवावं लागतं. २०१७ च्या ली केसमधे हे जमलं, पुरावे सगळे विरोधात असूनही, कारण डिपोर्टेशन होणार का हे तो वकिलाला सारखं विचारत होता आणि वकिलाने स्वतःच ते कबूल केलं. त्यामुळे आत्ता काय वाटतं त्यापेक्षा त्या वेळचं काय हातात आहे ते महत्त्वाचं. त्या वेळचे ईमेल, टेक्स्ट, त्याच्या बायकोशी वकिलाचं काही बोलणं झालं असेल तर तिचं शपथपत्र.
मोठी अडचण प्लीच्या ट्रान्सक्रिप्टमधे, म्हणजे गुन्हा कबूल करताना कोर्टात झालेल्या बोलण्याच्या नोंदीत असेल. अशा वेळी जजने विचारायचं असतं की तू नागरिक नसशील तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, हे समजतंय का, आणि सगळेच "येस युवर ऑनर" म्हणतात. सरकार पहिल्यांदा तेच पान काढणार. त्याला मोशनमधेच सामोरं जा: जज "होऊ शकतं" म्हणाले, वकिलाने आधी "होणार नाही" सांगितलं होतं, म्हणून मी मान डोलावली. खरोखर तसंच घडलं असेल तरच लिहायचं. डीलमधे अपीलबरोबर २२५५ चा हक्कही सोडलाय का, आणि वकिलाच्या निष्काळजीपणाचा अपवाद ठेवलाय का, तेही शोधा.
अजून एक. असा आरोप केला की त्याच्यात आणि वकिलात झालेल्या बोलण्याची गोपनीयता त्या मुद्द्यापुरती जाते, सरकार त्या वकिलाकडून शपथपत्र घेऊ शकतं. भावाला हे आधीच माहीत असू दे.

सावली
कसे आभार मानू कळत नाही. वहिनीच्या जुन्या मेलबॉक्समधे वकिलाचा मेल सापडला, त्यात स्वच्छ लिहिलंय की तुझ्या फॅमिली सिच्युएशनमुळे इमिग्रेशन हा इश्यू होणार नाही. वाचून मावशी रडायलाच लागली. डॉकेटप्रमाणे वर्ष पूर्ण व्हायला अजून वेळ आहे पण फार नाही. सुधारून द्यायचं ठरलंय. हा मेल मी त्याला कॉरलिंक्सवर (कैद्यांशी ईमेलची सेवा) पाठवू का? आणि पुढे सुनावणी लागली तर तिथे तरी वकील मिळेल का?

मी_पॅरालीगल
मेलची प्रिंट काढून साध्या पोस्टाने पाठवा, वर पाठवणाऱ्याचं नाव, तारीख दिसली पाहिजे. कॉरलिंक्सवरचं सगळं जेल वाचू शकतं, तिथे केसची चर्चा नको. मूळ मेल डिलीट करू नका आणि फॉरवर्ड केलेल्या कॉपीवर विसंबू नका.
कोर्टाने पुराव्याची सुनावणी ठेवली आणि त्याच्याकडे पैसे नसतील तर वकील द्यावाच लागतो, २२५५ च्या नियम ८ मधे आहे. त्याआधी देणं जजच्या मर्जीवर, तरी मोशनबरोबर वकील नेमण्याचा अर्ज आणि पैसे नसल्याचं शपथपत्र जोडा. मोशन फेटाळली तर अपीलच्या नोटिशीला ६० दिवस, आणि त्यासोबत सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी (अपील करायची कोर्टाची परवानगी) मागावं लागतं, ते नसेल तर अपील पुढे सरकतच नाही.
आणि आजच करायचं काम म्हणजे नवीन जेलचा पत्ता. केस नंबर घालून दोन ओळींचं पत्र त्याच्या सहीने क्लार्कला गेलं पाहिजे, नाहीतर पुढची ऑर्डर जुन्या जेलला जाईल आणि इकडे मुदत चालू राहील. परत बदली झाली तर परत कळवायचं.