जोशुआ-रुईझ रिमॅच: घाबरून लांब राहिला की डोकं वापरलं?

रविवारचा_पंच:
काल अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझ या हेवीवेट बॉक्सरच्या दोन्ही फाइट लागोपाठ बघितल्या राव, चक्रावलोच. १ जून २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये रुईझनं त्याला चार वेळा खाली पाडलं, सातव्या राउंडला खेळ खल्लास, आणि हा रुईझ म्हणजे मूळ प्रतिस्पर्धी डोपिंगमध्ये सापडला म्हणून ऐनवेळी आणलेला गडी. मग ७ डिसेंबरला सौदीत तोच जोशुआ बारा राउंड लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत फिरतो आणि पॉइंटवर आरामात जिंकतो. सहा महिन्यांत माणूस मनातून एवढा सावरतो कसा? की मार खायची भीती बसली होती म्हणून जवळच गेला नाही?

कोपऱ्यातला_टॉवेल:
भीती होतीच, नसेल कशी. पण पहिल्या फाइटचा तिसरा राउंड परत बघ. आधी जोशुआनंच रुईझला पाडलंय, मग संपवायच्या घाईत अंगावर धावून गेला आणि तिथंच डावा हुक (कोपर वाकवून बाजूनं येणारा ठोसा) खाल्ला. रिमॅचला त्यानं तो मोह आवरला. वजनही साडेचार किलोच्या आसपास उतरवून आला, म्हणजे पळायची तयारी आधीपासून होती. स्टेडियमभर लोक नॉकआउट बघायला आलेत आणि तुम्ही कंटाळवाणं खेळायचं, याला जास्त जिगर लागते. उलट रुईझ सातेक किलो वाढवून आला, पार्ट्या केल्या हे त्यानं नंतर स्वतःच कबूल केलं.

मुष्टी_ताई:
मी जिल्हा पातळीवर खेळायचे. हरल्यावर सगळे सांगतात विसरून जा, पण अंग विसरत नाही ना. समोरचीचा खांदा नुसता हलला की माझी हनुवटी वर जायची आणि डोळे मिटायचे, हुक आलेलाही नसायचा. आमच्या सरांनी भाषण वगैरे काही दिलं नाही, एका मुलीला तोच हुक हळूहळू मारायला लावला, मी फक्त डोळे उघडे ठेवून गार्डवर (चेहऱ्यापुढे धरलेल्या हातांवर) घ्यायचा, रोज, मग वेग वाढवत नेला. मन घट्ट कर म्हणून होत नाही हो ते.

हेवीवेट_वेडा:
ताई एकदम बरोबर. पण दादा, लांब राहूनच जिंकता येतं असंही नाही. हेवीवेट चॅम्पियन लेनॉक्स लुईस २००१ च्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत गाफील राहिला, हासिम रहमाननं पाचव्या राउंडला झोपवला. मधे टीव्हीच्या स्टुडिओत दोघं एकमेकांच्या अंगावर गेले, एवढी खुन्नस, तरी नोव्हेंबरला लास वेगासमध्ये लुईस शांतपणे जॅब मारत राहिला आणि चौथ्या राउंडला उजव्या हातानं आडवा केला. दुसरा हेवीवेट डिऑन्टे वायल्डरचं बघा, टायसन फ्युरीकडून २०२० ला हरल्यावर रिंगणात येतानाच्या जड पोशाखानं पाय गेले म्हणाला, टॉवेल टाकून फाइट थांबवणाऱ्या कोचलाही काढलं. पुढच्या वर्षी परत हरला.

रविवारचा_पंच:
पण त्या तिसऱ्या फाइटमध्ये वायल्डरनं फ्युरीला दोनदा पाडलं होतं की! मनानं खचलेला गडी असं करेल का?

कोपऱ्यातला_टॉवेल:
खचलेला नव्हताच तो, हिंमत भरपूर. पण अकराव्या राउंडपर्यंत गेला तेव्हा पायात काही उरलं नव्हतं, आणि यावेळी पोशाखाचं कारणही नव्हतं 😄

मुष्टी_ताई:
पंच, तू स्वतः खेळतोस का? रिमॅच आहे का तुझी?

रविवारचा_पंच:
हो ताई, पुढच्या महिन्यात. तोही डाव्या हुकवालाच आहे.